टी-२५ बिट आणि पाव इंची रॅचेट : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या रॅचेट-संचातल्या बिटवर छापलेला मापाचा आकडा पुसला गेला, म्हणून मी तक्रार केली; ही वापरातली सामान्य झीज असून ती हमीत बसत नाही, असे विक्रेत्याने कळवले, आणि तेव्हापासून या वस्तूविषयी लिहायचे मनात होते. संचात रॅचेट, म्हणजे न काढता पुढे-मागे फिरवत पीळ देता येणारा दांडा, आणि त्यात बसवायचे बिट, म्हणजे स्क्रू-बोल्ट फिरवणारी वेगवेगळ्या मापांची टोके, असतात; टी-२५ हे सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेचे एक माप. मी तो केवळ सायकलच्या डिस्क ब्रेकच्या रोटरचे, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या चकतीचे, अडकलेले बोल्ट काढण्यासाठी घेतला होता.

रोटरची जाडी १.५ मिलिमीटरच्या खाली गेल्यामुळे तो बदलणे भाग होते. हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, तो सहा एम-५ (५ मिलिमीटर व्यासाच्या) बोल्टांनी बसवलेला असतो आणि त्या बोल्टांच्या आट्यांना बहुधा कारखान्यातूनच निळसर थ्रेडलॉक, म्हणजे बोल्ट आपोआप सुटू न देणारा चिकट पदार्थ, लावलेले असते. खिशात मावणाऱ्या घडीच्या हत्यारातल्या टी-२५ ला पुरेशी तरफ मिळत नव्हती, शिवाय जोर तिरका पडून ते खाचेतून निसटू लागले. पाव इंची रॅचेटमध्ये तोच आकार बसवल्यावर एका हाताने वरून दाब देता आला व दुसऱ्याने पीळ, त्यामुळे निम्मे बोल्ट तक्रार न करता सुटले. इथवर मी या खरेदीवर बेहद्द खूश होतो.

उरलेल्या बोल्टांसाठी गंज सोडवणारे तेल वापरावे असे माझे मत होते; ते आता बदलले आहे. थ्रेडलॉकने आट्यांमधली फट भरलेली असते, त्यामुळे तेल आत शिरायला वावच उरत नाही, आणि जे बाहेर राहते ते रोटरवर पसरून पुढे त्याला दाबून धरणाऱ्या ब्रेक पॅडमध्ये मुरते. असा पॅड किंचाळू लागतो, पकड सोडतो, आणि पुष्कळदा बदलावाच लागतो. उपयोगी पडते ती उष्णता. चाक सायकलवरून काढून सोल्डरिंग आयर्नचे टोक बोल्टच्या डोक्यावर काही मिनिटे धरले की थ्रेडलॉक मऊ पडते. शिवाय पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावणारे अ‍ॅल्युमिनियमचे हब बोल्टभोवतीची पकड सैल करते. चाक काढलेले असताना ब्रेकचा लिव्हर मात्र दाबू नये, कारण हायड्रॉलिक कॅलिपरमधले (पॅड धरणाऱ्या, द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या भागातले) पिस्टन पुढे सरकतात आणि त्यांना मागे ढकलण्याचे नवे काम अंगावर येते.

आता पुन्हा त्या आकड्याकडे वळतो. टी-२० चा बिट टी-२५ च्या खाचेत सहज शिरतो, थोडा डुगडुगतो, आणि जोर दिला की खाचेच्या कडा गोल करून टाकतो. एकदा कडा गेल्या की बोल्टच्या डोक्यावर करवतीने आडवी चीर पाडणे किंवा आख्खे डोकेच ड्रिलने उडवणे असे उपाय उरतात. म्हणजे ज्या छपाईवर सारा भरवसा ठेवायचा, तीच ब्रेक साफ करण्याच्या अल्कोहोलने पुसली जाते! आकडा धातूत कोरून देण्याला असा किती खर्च आला असता? शेवटी मी कानशीने टी-२५ च्या दांड्यावर खाच पाडली. पैसे मोजून घेतलेल्या हत्याराला घरी ओळख द्यावी लागावी, याचा राग अजून गेलेला नाही.

बिटचे पोलाद मात्र उत्तम निघाले. खाचेतली घाण टोकदार सुईने काढावी, बिट तळापर्यंत बसवावा, हातोडीने हलकेच ठोकावा, आणि सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहावा. या क्रमाने अगदी हट्टी बोल्टही हलले, तरी बिटची टोके अजून धारदार आहेत.

परत बसवताना हेच रॅचेट घातक ठरू शकते, कारण त्याच्या लांब दांड्यामुळे किती जोर लागला हे हाताला कळत नाही. रोटरच्या बोल्टांना उत्पादकाप्रमाणे साधारण ४ ते ६ न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. त्यामुळे जुने थ्रेडलॉक खरवडून नवे लावल्यावर मी समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्यानेच, म्हणजे पीळ मोजणाऱ्या पान्यानेच, आवळतो. संचातले इतर बिट डबीतून बाहेर आलेलेच नाहीत, तेव्हा ज्यांच्याकडे रॅचेट आहे त्यांनी आकडा कोरलेला एकच चांगला टी-२५ घ्यावा आणि उरलेले पैसे नव्या पॅडसाठी ठेवावेत.