रायझन ५ ५६०० प्रोसेसर: २०१७च्या जुन्या पीसीत टाकून आठ महिने झाले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, नवीन पीसी घेणाऱ्यांसाठी हा रिव्ह्यू नाहीये. ज्यांच्या टेबलाखाली २०१७-१८ चा एएम४ (एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरचं बोर्डवरचं सॉकेट) वाला डबा अजून गुमान चालतोय पण नवीन गेम टाकला की धापा टाकायला लागतो, त्यांच्यासाठी आहे. माझ्याकडे बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, रायझन ५ १६०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, साटा एसएसडी आणि जीटीएक्स १०६० ६ जीबी ग्राफिक्स कार्ड असा संसार होता. एवढी वर्षं त्याने कधी तक्रार केली नाही, जुने गेम तर आजही मस्त पळतात, पण नवीन गेम आले तसं एकेक सेटिंग खाली आणत आणत मी शेवटी लो वर येऊन पोचलो आणि तिथून खाली जायला जागाच उरली नाही.

मग सगळे करतात तेच केलं, पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड बदललं. रेडिऑन आरएक्स ६६०० घेतलं. ते घेण्यामागे हिशोब होता बरं का, उगीच नाही घेतलं. १०६० ला १२० वॉट लागायचे, याला १३२, म्हणजे पॉवर सप्लाय बदलायचा खर्च वाचला, फक्त ६ पिनच्या जागी ८ पिनचा कनेक्टर लागतो आणि माझ्या सप्लायला तो ६+२ वाला होताच. वर ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी), आणि मुख्य म्हणजे रे ट्रेसिंगचं, म्हणजे उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवायचं हार्डवेअर. आता हे शोभेचं राहिलेलं नाही, इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल (डिसेंबर २०२४) आणि डूम द डार्क एजेस (मे २०२५) या दोन्ही गेमला रे ट्रेसिंगवालं कार्डच लागतं आणि दोघांच्याही किमान यादीत ६६०० आहे. १०६० ला तिथे दारातूनच परत पाठवतात.

तर कार्ड लावलं, सेटिंग लो वरून हाय वर नेली, चित्र एकदम झकास दिसायला लागलं, आणि अडखळणं होतं तिथेच. मोकळ्या रानात घोडा सुसाट, गर्दीच्या बाजारात शिरलो की झटके. बाल्डर्स गेट ३ या गेमच्या तिसऱ्या अंकात ते शहर येतं ना, तिथे तर मान वळवली की चित्र अर्धा क्षण मागे राहायचं. मी ड्रायव्हर काढून परत टाकले, गेम काढून परत टाकला, विंडोजला शिव्या घालून झाल्या. जखम मांडीला, मलम शेंडीला.

शेवटी भाचा आला होता, त्याने शेजारी बसून पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मामा, तुमचं कार्ड झोपा काढतंय." मी म्हटलं काहीतरीच काय, नवीन आहे ते. त्याने कोपऱ्यात आकडे दाखवणारा ओव्हरले लावून दिला आणि खरंच, त्या शहरात कार्डचा वापर ५५-६० टक्के. एफपीएसवर (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) कुठलीही मर्यादा लावलेली नसताना कार्ड जर ९५ टक्क्यांच्या वर जात नसेल तर समजायचं की ते कुणाची तरी वाट बघत बसलंय, आणि बहुतेक वेळा तो कुणीतरी म्हणजे प्रोसेसर.

पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर तर ५० टक्केच दिसत होता! इथेच माझ्यासारखे फसतात. १६०० ला १२ थ्रेड, म्हणजे एका वेळी कामाच्या बारा रांगा, त्यातले एक-दोन पूर्ण घुसमटलेले आणि बाकीचे गप्पा मारत बसलेले, याची सरासरी ५० टक्केच येणार ना. गेमचं मुख्य काम एका-दोन थ्रेडवरच जास्त पडतं, ते अडलं की सगळं अडलं. अजून एक सोपी चाचणी, रिझोल्यूशन १०८० वरून थेट ७२० वर आणा. एफपीएस उडी मारून वर गेले तर कार्ड कमी पडत होतं, आणि जागचे हललेच नाहीत तर प्रोसेसर. माझे हलले नाहीत. ही चाचणी कार्ड घ्यायच्या आधी केली असती तर... जाऊदे. खरं सांगायचं तर १०६० तरी कुठे पुरं पडत होतं, दोन्ही बदलायला लागणारच होते, फक्त माहीत असतं तर तो एक महिना डोकं फोडत बसलो नसतो.

मग रायझन ५ ५६००. २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेला, म्हणजे तोही काही नवा कोरा माल नाही. ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॉट. कागदावर बघितलं तर माझा १६०० पण ६ कोर, १२ थ्रेड, ६५ वॉटच. त्यामुळे मला आधी वाटलं यात बदलणार काय, डोंबल? फरक आत आहे. १६०० मधले सहा कोर तीन-तीनच्या दोन खोल्यांत राहतात, प्रत्येक खोलीला आपापली ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), आणि या खोलीतल्या कोरला त्या खोलीतलं काही हवं असेल तर बाहेरच्या बोळातून फेरी मारून जायला लागतं. गेमला अशा फेऱ्या अजिबात सोसत नाहीत. ५६०० मध्ये सहाही कोर एकाच खोलीत, मधे ३२ एमबीची सामाईक कॅश. त्यात १६०० चा टॉप स्पीड ३.६ गिगाहर्ट्झ, याचा ४.४. आणि एका ठोक्यात होणारं कामही मधल्या दोन-तीन पिढ्यांत बरंच वाढलंय.

घेताना नावाकडे नीट बघा हां. ५५०० आणि ५६००जी हे दिसायला याचेच भाऊ, पण दोघांनाही कॅश निम्मी, १६ एमबी. गेमसाठी जी गोष्ट कामाची तीच तिथे कापलेली आहे. ५६००जी मध्ये ग्राफिक्स आतच असतं, त्यामुळे ज्याला कार्डच लावायचं नाही त्याला तो ठीक, आपल्याला नाही. ५६००एक्स थोडा जास्त स्पीडचा, पण हातात माऊस घेऊन फरक कळेल असं मला वाटत नाही. ५७००एक्स३डी नावाचा ९६ एमबी कॅशवाला राक्षसपण आहे, मोह मलाही झाला होता, पण तो १०५ वॉटचा, सोबत कूलर येत नाही, माझा स्वस्तातला बी३५० बोर्ड आधीच वयस्कर, आणि आरएक्स ६६०० समोर त्याची ताकद वायाच गेली असती.

बसवण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण रिव्ह्यूवाले हे सोडून देतात. पहिलं काम बायोस (पीसी चालू करणारा बोर्डातला प्रोग्राम) अपडेट करायचं, आणि ते जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करायचं, नाहीतर नवीन लावल्यावर स्क्रीन काळी आणि परत जुना लावायला लागतो. ३०० सिरीजच्या बोर्डांना ५००० सिरीजचा अधिकृत सपोर्ट सुरुवातीला नव्हता, तो २०२२ मध्ये मिळाला, त्यामुळे त्यानंतरचा बायोस लागणार. काही बोर्डांना मधला एखादा व्हर्जन आधी टाकावा लागतो आणि काहींवर एकदा पुढे गेलं की मागे येता येत नाही, म्हणून बोर्डच्या सपोर्ट पेजवरच्या बारीक अक्षरातल्या सूचना वाचा, मी वाचल्या नव्हत्या, नशिबाने वाचलो. पेन ड्राइव्हवरून अपडेट केला, ती तीन-चार मिनिटं लाईट जाऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसलो होतो.

दुसरं, कूलर काढताना घाई नको. एएम४ ला पिना प्रोसेसरच्या अंगावर असतात, १३३१ पिना, आणि जुनी थर्मल पेस्ट वाळून असा गोंद झालेला असतो की कूलर उचलला की प्रोसेसर पण सॉकेटमधून उपटून त्याच्यासोबत बाहेर येतो, लॉक लावलेलं असलं तरी. माझा आला. हातात कूलर आणि त्याला खाली लटकलेला प्रोसेसर, काळजात धस्स. कडेच्या दोन पिना वाकल्या, त्या नंतर जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने हळूहळू सरळ केल्या. करायचं असं असतं की आधी अर्धा तास एखादा जड गेम चालवायचा, पीसी बंद करायचा, पेस्ट गरम आणि मऊ असतानाच स्क्रू सोडवायचे, कूलर डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळायचा आणि मग उचलायचा. आणि कॅबिनेट आडवं ठेवा बरं, कारण स्क्रूवाले कूलर काढले की मागची पट्टी सुटते आणि उभ्या कॅबिनेटमध्ये ती मागच्या बाजूला खाली पडते, मग दुसरं झाकण उघडून शोधत बसा.

५६०० सोबत छोटा कूलर येतो पण मी जुन्या १६०० चाच वापरला, तो उंचीला जास्त आहे. नवीन पेस्ट लावून गेम खेळताना ७०-७५ डिग्री राहतो, याची मर्यादा ९० आहे म्हणजे काळजी नाही. फक्त नुसतं ब्राउझर उघडलं तरी हा क्षणभर जोरात पळतो, तापमान टुणकन वर जातं आणि पंखा उगाच घूं करून परत शांत होतो. दोन दिवस डोक्यात गेलं, मग बायोसमध्ये पंख्याचा कर्व्ह (कुठल्या तापमानाला पंखा किती जोरात फिरेल ते सेटिंग) सपाट केला, विषय संपला.

बायोस अपडेट झाला की जुन्या सेटिंग पुसल्या जातात हे लक्षात ठेवा. माझी ३२०० ची रॅम आठवडाभर २१३३ वर चालत होती आणि मी नवीन प्रोसेसरच्या नावाने बोटं मोडत होतो. एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण स्पीडने चालवणारं बायोसमधलं सेटिंग, परत चालू करायला लागतं. १६०० ला अधिकृतपणे २६६६ पर्यंतचीच रॅम झेपायची, ५६०० ला ३२०० आहे, त्यामुळे जुनीच रॅम आता पहिल्यांदा तिच्या खऱ्या स्पीडने चालतेय. आणि तुमची एकच कांडी असेल तर तशीच दुसरी टाका, दोन कांड्यांचा फरक या प्रोसेसरांना चांगलाच जाणवतो.

आता निकाल. तेच शहर, त्याच सेटिंग, तेच कार्ड. आधी ३५-४० एफपीएस आणि मधेच २५ वर आपटी, आता ५५-६० आणि खाली आलंच तरी ४५. कार्डचा वापर ९० च्या वर, म्हणजे गडी कामाला लागला. पण आकड्यांपेक्षा जे हाताला जाणवतं ते वेगळंच आहे. ६० एफपीएस म्हणजे प्रत्येक फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यातली एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद अडकली तर सेकंदाच्या सरासरीत ती कुठल्या कुठे विरून जाते, पण डोळ्याला खडा लागल्यासारखी टोचते. म्हणून सरासरीचे आकडे बघून निर्णय घेऊ नका, १ टक्का लो नावाचा जो आकडा असतो (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा एफपीएस) तो बघा, तिथे हा प्रोसेसर पैसे वसूल करतो. उलट मोकळ्या मैदानातल्या आणि ग्राफिक्सनेच जड असलेल्या गेममध्ये सरासरी जेमतेम चार-पाच एफपीएसने वाढली, तिथे जादूची अपेक्षा ठेवू नका. सायबरपंक २०७७ मध्ये गर्दी हाय वर ठेवून फिरता येतं हे मात्र मस्त. त्याच्या किमान यादीतून २०२३ च्या २.० अपडेटपासून हार्ड डिस्क गेली, एसएसडीच हवी म्हणतात, तेव्हा अजून जुनी फिरती डिस्क असेल तर त्याची सोय पहिली, मग बाकीचं.

एक फायदा मी धरलाच नव्हता. पहिल्या पिढीचा रायझन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ५६०० आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे हे वेळेवरच झालं म्हणायचं. विंडोज ११ ला लागणारं टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) बायोसमध्ये एफटीपीएम नावाने असतं, ते आणि सिक्युअर बूट (चालू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग) चालू करायचं. गेमपैकी बॅटलफिल्ड ६ ला सिक्युअर बूट लागतंच, व्हॅलोरंटला विंडोज ११ वर दोन्ही. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर सिक्युअर बूटसाठी ती विंडोजमधलंच एमबीआर२जीपीटी वापरून बदलता येते, बॅकअप घेऊनच करा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलेलं असेल तर प्रोसेसर बदलायच्या आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण नवीन प्रोसेसर दिसला की पीसी चालू होताना एफटीपीएम रीसेट करू का असं विचारलं जातं आणि तिथे हो म्हटलं तर ती रिकव्हरी की मागितली जाणार. आणि एफटीपीएममुळे अधूनमधून पीसी अडखळतो हे एएमडीने २०२२ मध्ये स्वतः जाहीर केलं होतं, उपाय नंतरच्या बायोसमध्ये आला, म्हणजे परत तेच, बायोस नवा ठेवा.

खटकलेल्या गोष्टी. याच्यात ग्राफिक्स नाही, त्यामुळे कार्ड बिघडलं तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही, म्हणून जुनं १०६० जपून ठेवलंय. प्रोसेसर पीसीआयई ४ चा (पीसीआयई म्हणजे कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातला डेटाचा रस्ता) आहे पण बी३५० बोर्ड ३ च्या पुढे जात नाही, आणि ६६०० ला ८ च लेन आहेत, त्यामुळे ८ जीबी व्हीरॅम भरून वाहायला लागली की दणका जास्त बसतो. मी टेक्श्चर अल्ट्रावरून हाय वर आणले, डोळ्याला फरक दिसला नाही. आणि पुढचा रस्ता जवळपास बंद, एएम५ सॉकेट २०२२ मध्येच आलं, यापुढे काही मोठं करायचं तर बोर्ड, रॅम, प्रोसेसर सगळंच नवं.

इंटेलची सहावी-सातवी पिढी असणाऱ्यांनी मात्र हा मार्ग धरू नका, तिकडे आठव्या पिढीचं सॉकेट नावाला तेच असलं तरी जुन्या १०० आणि २०० सिरीजच्या बोर्डावर ती चालत नाही. ज्यांच्याकडे रायझन ५ ३६०० आहे त्यांना फरक पडेल, पण माझ्याइतका नाही, त्यांनी आधी ती ७२० वाली चाचणी करावी.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो पिना वाकल्या म्हणून, आता त्यात प्रोसेसरचा काय दोष म्हणाल, पण सॉकेटची ती पद्धत मला आवडत नाही म्हणजे नाही. सरळ केलेल्या पिनांचा तो १६०० भाचा घेऊन गेला, त्याच्या एका मित्राच्या बोर्डावर पहिल्या झटक्यात चालू झाला म्हणे.