रोरी गॅलाहरवाला ट्रेबल बूस्टर: नागपूरच्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात माझ्या ट्रेबल बूस्टर पेडलचा (गिटार आणि अँपच्या मध्ये जोडायची, आवाज बदलणारी डबी) सूर दुपारी तुटायला लागला, दुकानदाराशी वाजलं, म्हणून लिहितोय. साठच्या दशकातल्या डॅलस रेंजमास्टर या ब्रिटिश ट्रेबल बूस्टरची नक्कल आहे; एक जर्मेनियम (जुन्या धाटणीचा) ट्रान्झिस्टर, एक नॉब, नऊ व्होल्टची बॅटरी, हे घेणाऱ्यांना माहीतच असतं.

सुरुवातीला पैसे वाया गेले असं वाटलं. घरच्या छोट्या सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) अँपवर नुसता कर्कशपणा, खर्ज गायब. मग मित्राचा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणारा) अँप आवाज फाटायच्या बेतात ठेवून त्याला जोडलं आणि मत पालटलं. खर्ज छाटायचा आणि उरलेला सिग्नल जोरात अँपमध्ये ढकलायचा, एवढंच याचं काम. आयरिश ब्लूज-रॉक गिटारवादक रोरी गॅलाहरला तेच हवं होतं. आयर्लंडमधल्या कॉर्कमध्ये १९६६ साली काढलेला 'टेस्ट' हा बँड असो की १९७१ साली काढलेला स्वतःच्या नावाचा बँड, सुरुवातीला स्टेजवर तिघंच. गिटारनं खर्ज सोडला की त्याच्या बँडमधल्या गेरी मॅकअव्हॉयच्या बास गिटारला जागा मिळते. १९७२ चा 'लाइव्ह इन युरोप' हा अल्बम या कानानं ऐका. बाकी करामत हाताची, आणि १९६३ साली शंभर पौंडांना सेकंडहँड घेऊन शेवटपर्यंत वाजवलेल्या स्ट्रॅटोकास्टर गिटारची. गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज स्वच्छ, चढवला की गुरगुर. तरुण ब्रायन मेनं लंडनच्या मार्की क्लबमध्ये या आवाजाबद्दल विचारलं, तर गॅलाहरनं व्हॉक्स एसी३० हा व्हॉल्व्ह अँप आणि रेंजमास्टर असं सरळ सांगून टाकलं. पुढे क्वीन या बँडमध्ये मेनं हीच जोडी धरली. एवढा मोठा वादक काहीच लपवत नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

आता तक्रार. उष्णतेनं जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती वाढते, बायस (ट्रान्झिस्टर नीट चालावा म्हणून ठरवलेला व्होल्टेज) सरकतो, लांबवलेला सूर मध्येच फाटतो. सकाळी पेडल ठणठणीत. दुकानात एसी, त्यामुळे तिथे दोष दिसतच नाही. वर म्हणे तुमचा अ‍ॅडॉप्टर खराब! पेडल पॉझिटिव्ह ग्राउंडचं आहे (म्हणजे बॅटरीचं धन टोक ग्राउंडला, बहुतेक पेडलांच्या उलट), इतर पेडलांच्या सामाईक अ‍ॅडॉप्टरवर ते लावताच येत नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक नसावं? मी फक्त बॅटरीवर वाजवतो. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवतो, त्यामुळे पहिलीच बॅटरी अजून चालू आहे. खर्चाच्या बाबतीत या पेडलला पूर्ण गुण.

ट्रान्झिस्टर बदलून द्या आणि तपासणी भरदुपारी बिनएसीच्या खोलीत करा, असं लेखी कळवलंय. विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी बाहेरून बायस जुळवता येणारं मॉडेलच मागावं, थोडं महाग पडलं तरी.