टोफेलचे गुण ‘अधिकृतपणे’ पाठवून देणारा सल्लागार

माझ्या मुलीने गेल्या प्रवेश हंगामात अमेरिकेतील सात विद्यापीठांत एम.एस.साठी अर्ज केले होते. या सातही ठिकाणी टोफेल या इंग्रजी भाषेच्या परीक्षेचे अधिकृत गुण पाठवून देतो असे सांगून पुण्यातील एका परदेशी शिक्षण सल्लागाराने आमच्याकडून एकूण ३७,९१० रुपये घेतले. प्रत्यक्षात त्याने एकाही विद्यापीठाला गुण पाठवले नाहीत. पैसे गेले याचे दुःख आहेच. पण त्याहून गंभीर बाब ही, की एका विद्यापीठाकडे त्याने मुलीच्या नावाने फेरफार केलेले गुणपत्रक परस्पर पाठवून ठेवले होते. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे त्या संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. मात्र ही पद्धत एकट्या त्या संस्थेची नाही, असे चौकशी करताना इतर पालकांकडून कळले. त्यामुळे ज्यांची मुले सध्या या तयारीत आहेत त्यांच्यासाठी सगळा प्रकार तपशिलाने मांडत आहे.

आधी खरी व्यवस्था कशी चालते ते सांगतो, कारण ती ठाऊक असेल तर फसवणुकीला मुळात जागाच उरत नाही. टोफेल ही परीक्षा अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात प्रिन्स्टन येथे मुख्यालय असलेली ईटीएस ही संस्था घेते. प्रत्येक परीक्षार्थीचे ईटीएसच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते असते आणि परीक्षेची नोंदणी, निकाल, गुण पाठवण्याची मागणी हे सर्व व्यवहार त्याच खात्यातून होतात. परीक्षेच्या शुल्कातच चार संस्थांना गुण पाठवण्याची सोय अंतर्भूत असते. या चार संस्था परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री दहा वाजेपर्यंत खात्यातून निवडाव्या लागतात. निकालानंतर आणखी संस्था जोडायच्या असतील, तर प्रत्येक संस्थेमागे वीस ते तीस डॉलरच्या दरम्यान शुल्क पडते आणि ते तिथल्या तिथे कार्डाने भरता येते. प्रत्येक संस्थेला चार अंकी सांकेतिक क्रमांक असतो. उदाहरणार्थ, स्टॅनफर्डचा ४७०४ आहे. तो निवडला, शुल्क भरले, की गुण ईटीएसकडून थेट त्या विद्यापीठाकडे जातात. मध्ये कोणाचाही हात लागत नाही, आणि अधिकृत गुण या शब्दांना जे वजन आहे ते एवढ्याच कारणाने आहे. उमेदवाराला मिळणारी पीडीएफ ही त्याची स्वतःची प्रत असते. अनेक विद्यापीठे अर्जाच्या छाननीपुरती ती प्रत चालवून घेतात आणि प्रवेश पक्का करताना अधिकृत गुण मागतात. काही विद्यापीठे मात्र अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंतच अधिकृत गुण पोहोचले पाहिजेत असा आग्रह धरतात. विद्यापीठागणिक बदलणाऱ्या या नियमातून पालकांच्या मनात जो गोंधळ उडतो, त्यावरच आमच्या सल्लागाराचा धंदा उभा होता.

त्याचा पहिला डाव परीक्षेच्या आधीच खेळला गेला. विद्यापीठांची निवड आणि अर्जांचे लेखन यासाठी आम्ही त्याच्याकडे नाव नोंदवले होते आणि त्या कामाचे शुल्क वेगळे दिले होते. ते काम त्याने बऱ्यापैकी केले हेही नमूद केले पाहिजे. परीक्षेची नोंदणी त्याच्या कार्यालयातील समुपदेशक मॅडमनी करून दिली आणि ती करताना खात्यासाठी मुलीचा ईमेल न घालता कार्यालयाचा ईमेल घातला. सूचना चुकू नयेत म्हणून सगळ्या विद्यार्थ्यांचे आम्ही असेच करतो, असे त्यांनी सांगितले. चार मोफत संस्थांची जागा त्यांनी रिकामी ठेवायला लावली. मुलीने विचारले तेव्हा सल्लागार स्वतः म्हणाले, “बेटा, आधी गुण तर बघू. कमी पडले आणि ते विद्यापीठाला आपोआप गेले, तर काय करशील?” ऐकताना हा सल्ला पटण्यासारखाच आहे, कारण निवडलेल्या चार संस्थांना गुण कसेही आले तरी जातात हे खरेच आहे. पण ज्या चार विद्यापीठांत अर्ज करायचा हे पक्के ठरलेले आहे, तिथे चांगले-वाईट गुण लपवून ठेवण्यात विद्यार्थ्याचा फारसा फायदा नसतो. फायदा असतो तो निकालानंतर दर विद्यापीठामागे पैसे घेणाऱ्याचा.

निकाल आला. वाचन २७, श्रवण २६, संभाषण २२, लेखन २४, एकूण ९९. (जानेवारी २०२६ पासून टोफेलची गुणपट्टी १ ते ६ अशी झाली आहे, आमचा निकाल जुन्या १२० गुणांच्या पद्धतीतला आहे.) अर्जांची अंतिम तारीख बहुतेक ठिकाणी १५ डिसेंबर होती. त्यानंतर आमच्यापुढे एक छापील दरपत्रक ठेवण्यात आले: ‘ऑफिशियल स्कोअर डिस्पॅच’, प्रत्येक विद्यापीठास ३,५०० रुपये. सात विद्यापीठांचे २४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ४,४१०, असे मिळून २८,९१० रुपये झाले. खात्यातून थेट मागणी केली तरी पैसे पडतातच, मग यात वेगळे काय, असे मी विचारले. त्यावर, “काका, तुम्ही स्वतः पाठवले तर ते साध्या रांगेत जातात. आमचे अधिकृत चॅनल आहे,” असे उत्तर मिळाले. असे कोणतेही चॅनल अस्तित्वात नाही. सल्लागारांसाठी गुण पाठवण्याचा वेगळा किंवा जलद मार्ग ईटीएसने ठेवलेला नाही. पाठवणारे खाते विद्यार्थ्याचेच असते आणि रांग सगळ्यांना एकच असते.

मी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. पावती वाचण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असल्यामुळे पावती हातात येताच तिच्यावर जीएसटीची रक्कम आहे पण जीएसटी क्रमांक नाही, हे लगेच दिसले. यूपीआयचा क्यूआर संस्थेच्या नावाने नव्हता, तो एका व्यक्तीच्या नावाने होता. विचारणा केल्यावर चालू खात्याचे काम सुरू आहे आणि पक्के बिल महिनाअखेरीस मिळेल, असे सांगण्यात आले. ते बिल आजतागायत आलेले नाही. जो कर वसूल करतो पण क्रमांक देत नाही, त्याच्याकडून पुढे कोणत्या कागदाची अपेक्षा ठेवायची हा माझा ठोकताळा आहे, आणि या प्रकरणात तो खरा ठरला.

पुढील आठवड्यात ईमेलवर सात ‘पाठवणी प्रमाणपत्रे’ आली. गोल शिक्का, चकचकीत पट्टी, खाली न वाचता येणारी सही, असा सगळा थाट होता. त्या प्रमाणपत्रांवर विद्यापीठाचा म्हणून जो क्रमांक छापला होता तो सहा अंकी होता आणि ‘रिसिव्हड्’ या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग सातही प्रतींवर एकसारखे चुकलेले होते. ईटीएस असे कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. गुण पाठवण्याची मागणी केली असेल तर तिची नोंद परीक्षार्थीच्या खात्यात राहते, आणि ती नोंद मुलीला पाहता येत नव्हती, कारण पासवर्ड दरम्यान बदललेला होता व नवा पासवर्ड मागण्याची सूचना कार्यालयाच्या ईमेलवर जात होती.

दुसरीकडे विद्यापीठांच्या अर्ज-पोर्टलवर टोफेलसमोर ‘प्रतीक्षेत’ एवढेच दिसत राहिले. याचेही उत्तर सल्लागाराकडे तयार होते: गुण पोहोचले आहेत, अर्जाशी जुळवणी व्हायची आहे. हे उत्तर धोकादायक आहे, कारण ते अर्धे खरे असते. नावाच्या किंवा जन्मतारखेच्या फरकामुळे जुळवणीला वेळ लागतो, हे अमेरिकन विद्यापीठे स्वतःच सांगतात. तारीख अगदी तोंडावर आली तेव्हा ‘प्रायॉरिटी व्हेरिफिकेशन’साठी आणखी ९,००० रुपये मागण्यात आले. त्यासाठी आलेला ईमेल वरवर परीक्षा-संस्थेचाच वाटत होता. पत्त्यात मात्र संस्थेच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक जादा शब्द होता.

ते पैसे गेल्यानंतर मुलीने सल्लागाराला न विचारता एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला स्वतः ईमेल लिहिला. आपला अर्ज क्रमांक देऊन, टोफेलचे गुण ईटीएसकडून मिळाले आहेत का, एवढेच तिने विचारले. उत्तर आले ते वाचून घरात कोणाला बोलायला सुचेना. ईटीएसकडून काहीही आलेले नाही. मात्र एका तिसऱ्या व्यक्तीने तुमचे गुणपत्रक म्हणून एक पीडीएफ ईमेलने पाठवली आहे, ती आम्ही ग्राह्य धरत नाही, आणि तुम्ही अर्जात भरलेल्या गुणांशी ती जुळत नसल्याने खुलासा करावा, असे त्यात होते. सोबत ती पीडीएफ जोडलेली होती.

मी ती छापून घेतली आणि सवयीने आकडे बेरजेला लावले. वाचन २७, श्रवण २६, संभाषण २६, लेखन २४. बेरीज १०३ यायला हवी. खाली एकूण मात्र ९९ च छापलेले होते. संभाषणाचे २२ चे २६ करणाऱ्याला एकूण बदलायचे सुचले नव्हते. अमेरिकेतील अनेक विभागांत अध्यापन साहाय्यकाचे काम मिळण्यासाठी संभाषणात २६ च्या आसपास किमान गुण लागतात. त्या उंबरठ्यावर मुलीला परस्पर नेऊन बसवण्याचा हा उद्योग असावा. तो आमच्या भल्यासाठी होता, असे सल्लागाराने नंतर फोनवर सांगितलेही. फेरफार केलेले गुणपत्रक अर्जदारानेच दिले असे विद्यापीठाने मानले असते, तर अर्ज रद्द होणे ही त्यातली सर्वांत सौम्य शिक्षा ठरली असती. मिळालेला प्रवेशही अशा कारणावरून नंतर काढून घेतला जातो, आणि व्हिसाच्या मुलाखतीत त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते ते वेगळेच.

मुलीने त्याच रात्री प्रवेश कार्यालयाला सविस्तर खुलासा पाठवला. ती पीडीएफ आपण पाठवलेली नाही, पाठवणारा सल्लागार आहे, आपले खरे गुण अर्जात भरल्याप्रमाणेच आहेत आणि ईटीएसकडून ते थेट मागवत आहोत, असे तिने लिहिले व खऱ्या गुणपत्रकाची प्रत जोडली. ईटीएसच्या ग्राहक सेवेशी संपर्क साधून, पासपोर्टवरील तपशील आणि नोंदणी क्रमांक देऊन तिने खात्याचा ईमेल बदलून घेतला. खाते उघडल्यावर दिसले की गुण पाठवण्याची एकही मागणी त्यात कधी नोंदवलेलीच नव्हती. सातही विद्यापीठांची मागणी तिने स्वतः केली; संस्था शोधून निवडायची आणि कार्डाने पैसे भरायचे, एवढेच काम होते. काही दिवसांत पोर्टलवर नोंदी दिसू लागल्या. पाच विद्यापीठांनी उशीर चालवून घेतला. दोघांनी अर्ज अपूर्ण ठरवून बंद केले आणि त्या दोन्ही अर्जांचे शुल्क बुडाले.

पैशांच्या बाबतीत सांगायचे, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पण हा मार्ग रक्कम गेल्यानंतर पहिल्या काही तासांत उपयोगी पडतो, कारण तेवढ्यात समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत तो काळ केव्हाच उलटून गेला होता. बनावट कागद तयार केल्याबद्दल पोलिसांकडे लेखी अर्ज दिला आहे. वकिलांच्या नोटिशीनंतर सल्लागाराने दुसऱ्या वेळचे ९,००० रुपये ‘सद्भावना म्हणून’ परत केले, उरलेले नाकारले. उरलेल्या रकमेसाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार केली. या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. जीएसटी क्रमांक नसलेली ती पावती, यूपीआय व्यवहाराचा तपशील, चुकीच्या स्पेलिंगची सात प्रमाणपत्रे, विद्यापीठाचा ईमेल आणि बेरीज न जुळणारी पीडीएफ असे सर्व कागद जोडले आहेत. सल्लागाराशी झालेले व्हॉट्सॲपवरील बोलणे त्याने त्याच्या बाजूने पुसून टाकले. मुलीने आधीच त्याच्या प्रती काढून ठेवल्या होत्या.

टोफेलऐवजी दुसरी परीक्षा देणाऱ्यांकडेही हीच मागणी होते, असे इतर पालकांशी बोलताना समजले, आणि तिथे तर ती अधिकच निराधार आहे. पीटीईचे गुण परीक्षार्थी ती परीक्षा घेणाऱ्या पिअर्सन कंपनीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातून हव्या तितक्या संस्थांना विनाशुल्क पाठवू शकतो. ड्युओलिंगोच्या परीक्षेतही तसेच आहे. आयईएल्ट्समध्ये पाच संस्थांपर्यंत गुण पाठवण्याची सोय शुल्कात धरलेली असते, आणि गुणपत्रकावरच्या टीआरएफ क्रमांकावरून विद्यापीठ स्वतः गुण पडताळून घेते, त्यामुळे आकडा बदललेला कागद तिथेही टिकत नाही.

मध्यस्थाने केलेल्या कागदाची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते, याचे मोठे उदाहरण २०२३ मध्ये कॅनडात दिसले. मध्यस्थाने दिलेली महाविद्यालयांची प्रवेशपत्रे बनावट निघाल्याने अनेक भारतीय विद्यार्थ्यांना, मुख्यतः पंजाबातील मुलांना, हद्दपारीच्या नोटिसा आल्या होत्या. ती मुले तोवर शिकून, कामाला लागून मोकळी झाली होती. कॅनडाने त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक प्रवेशपत्र महाविद्यालयाकडूनच पडताळून घेण्याचा नियम केला.

माझ्या मुलीला पाचपैकी दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. ज्या विद्यापीठाकडे ती पीडीएफ गेली होती ते त्या दोघांत नाही. नकाराचे कारण त्यांनी दिलेले नाही, आणि आम्ही विचारलेलेही नाही. सल्लागाराचे कार्यालय त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर, नव्या नावाने सुरू आहे. दरपत्रकात ‘ऑफिशियल स्कोअर डिस्पॅच’ ही ओळ अजून आहे. फक्त दर विद्यापीठास २,९९९ रुपये झाला आहे.