रिक्रूटिंग सर्व्हिस आणि जूनमधले फुटबॉल कॅम्प : वापरून झाल्यावरचा अनुभव (टेक्सास)

ज्यांची मुलं इथे अमेरिकेत हायस्कूलला फुटबॉल खेळतायत आणि कॉलेजातही खेळायचं म्हणतायत अशा आईवडिलांसाठी लिहितेय, कारण आम्हाला गरज होती तेव्हा विचारायला ओळखीत एकही मराठी घर नव्हतं. फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का. माझा नवरा कोल्हापूरचा, पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाच्या आपल्या फुटबॉलच्या (सॉकरच्या) मॅच बघत वाढलेला, त्यालाही हा खेळ मुलाबरोबरच पहिल्यापासून शिकावा लागला.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगा २०२६ च्या बॅचचा, म्हणजे २०२६ ला हायस्कूल संपवणारा, सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे) खेळतो, पाच फूट अकरा इंच, १८५ पौंड, अभ्यासात चांगला. त्याचा ज्युनियरचा (अकरावीचा) सीझन संपल्यावर जानेवारीत आम्ही पैसे भरून एक रिक्रूटिंग सर्व्हिस (मुलाला कॉलेज कोचपर्यंत पोचवणारी कंपनी) घेतली. नाव लिहीत नाही, अशा बऱ्याच कंपन्या आहेत आणि पॅकेज साधारण सारखंच असतं. दीड हजार डॉलरच्या वर गेले. त्यात एक प्रोफाइल पेज, कॉलेज कोचच्या ईमेलची यादी, एका क्लिकमध्ये शेकडो कोचना मेल पाठवायची सोय, कोणी प्रोफाइल बघितलं त्याचं नोटिफिकेशन आणि महिन्यातून एकदा सल्लागाराचा फोन. मग जूनमध्ये कॉलेजांचे कॅम्प झाले, जिथे कोच मुलांना समोर खेळवून बघतात, आता सीनियर (बारावीचा) सीझन चालू आहे, त्यामुळे बोलण्याइतकं वापरून झालंय.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. कॅम्पला जायच्या आधी तिथल्या पोझिशन कोचला (मुलगा ज्या जागी खेळतो त्या जागेच्या कोचला) तुमचा मुलगा माहीत असायला हवा. कोचने फिल्म (मॅचचा व्हिडिओ) बघितलेली असते आणि कॅम्पमध्ये तो फक्त खात्री करून घेतो की हा खरंच एवढ्या उंचीचा आहे का, फिल्मवर दिसतो तेवढा फास्ट आहे का, सांगितलेलं ऐकतो का. शेकडो मुलांच्या गर्दीतून अनोळखी मुलगा उचलला जाणं होतं कधीकधी, पण त्या भरवशावर फी, विमान आणि हॉटेल भरू नका.

आता ते इन्व्हिटेशनचं. सर्व्हिस सुरू झाल्यावर मेलचा पाऊस पडला, मोठमोठ्या युनिव्हर्सिटीचे लोगो, "आमच्या स्टाफला तू कॅम्पला यावास असं वाटतं" वगैरे, आणि घरात सगळे खूश, भारतात आजीला फोनसुद्धा झाला. पण एनसीएएच्या (कॉलेज खेळांची मुख्य संस्था) नियमाप्रमाणे कॉलेजचे कॅम्प सगळ्यांसाठी खुले ठेवावेच लागतात, मर्यादा घालायची तर फक्त संख्या, वय, इयत्ता अशावर. म्हणजे ते इन्व्हिटेशन पैसे भरणाऱ्या कोणालाही लागू असतं. खरा इंटरेस्ट ओळखायची आमची पद्धत अशी की मेल पोझिशन कोचकडून आलाय का, त्यात मुलाच्या फिल्ममधल्या एखाद्या प्लेचा उल्लेख आहे का, आणि कोचने स्वतःचा मोबाइल नंबर दिलाय का. डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर, त्याखाली टू आणि थ्री) फुटबॉल कोचना ज्युनियर वर्षाच्या १ सप्टेंबरपासून मुलाला थेट लिहिता येतं. तेव्हापासून जूनपर्यंत नऊ महिने परवानगी असून जिथून फक्त कॅम्पचं ब्रोशर आलं, त्या कॉलेजने उत्तर देऊन टाकलंय असं समजा. सल्लागार मात्र दर फोनला तेच म्हणायचा की मोठ्या युनिव्हर्सिटींच्या कॅम्पला जा, एक्सपोजर मिळतं. ह्या एक्सपोजर शब्दावर फार पैसे खर्च होतात.

जूनचं गणित पण समजून घ्या. जूनच्या शेवटाकडे डेड पीरियड (कोचना मुलांना प्रत्यक्ष भेटायची बंदी) लागतो आणि जुलैचा बहुतेक भाग त्यातच जातो, म्हणजे डिव्हिजन वनचे जवळपास सगळे कॅम्प जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत कोंबलेले असतात. त्यात इथे सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचं, फक्त पासचं फुटबॉल) असतं, त्याची स्टेट टूर्नामेंट कॉलेज स्टेशन गावाला जूनमध्येच, शाळेचं समर वर्कआउट असतं, आणि टेक्सासची उष्णता. लागोपाठच्या दिवशी कॅम्प लावले तर दुसऱ्या दिवशी पाय जड होतात आणि फोर्टीचा (चाळीस यार्ड धावण्याचा) टाइम बिघडतो आणि तोच टाइम कोचच्या कागदावर राहतो. फी ५० ते १५० डॉलर असते म्हणून वाटतं की जाऊन तर बघू, पण प्रवास आणि राहणं धरलं की आकडा कुठल्या कुठे जातो. आम्ही जिथे कोच नाव घेऊन बोलला होता तेवढेच ठेवले, बाकी सरळ काढून टाकले.

प्रत्यक्ष कॅम्पमध्ये काय होतं ते सांगते. चेक-इन, वेव्हर, मग उंची-वजन (खरी उंची, रोस्टरवरची, म्हणजे टीमच्या यादीतली नाही), मग फोर्टी यार्ड, ब्रॉड जंप (उभ्याने लांब उडी), पाच-दहा-पाच शटल (दिशा बदलत धावणं). लेझरने मोजत असतील तर टाइम हातातल्या स्टॉपवॉचपेक्षा जास्तच येतो, तेव्हा मुलाला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच तोंड उतरतं. मग पोझिशन ड्रिल आणि शेवटी वन-ऑन-वन (एकास एक). आता ह्यात एक गोष्ट आहे जी मला कोणीच सांगितली नव्हती. ह्या कॅम्पमध्ये बहुतेक वेळा पॅड नसतात, टॅकलिंग (धरून पाडणं) नसतं. आई म्हणून मला बरं वाटलं, पण ज्या सेफ्टीची ताकद रन सपोर्ट (बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवणं) आणि टॅकलिंग आहे त्याला तिथे ते दाखवताच येत नाही, तिथे दिसतं ते बॅकपेडल (उलटं धावणं), कंबर किती पटकन वळते, बॉल हवेत असताना काय करतो. लाइनमनचं (पुढच्या ओळीतल्या धिप्पाड खेळाडूंचं) तसं नाही, वन-ऑन-वनमध्ये त्यांचं बरंच काही दिसतं. म्हणून आमच्यासारख्या मुलांचं अर्ध्याहून जास्त काम हडलवरच्या (मॅचचे व्हिडिओ ठेवायची साइट) फिल्मने होतं. हायलाइटमध्ये सुरुवातीच्या चार-पाच प्लेमध्ये सगळ्यात भारी ते टाका, प्रत्येक प्लेच्या आधी मुलावर गोल किंवा बाण, गाणंबिणं नको, आणि एक पूर्ण मॅचची फिल्म तयार ठेवा कारण ज्याला खरंच रस असतो तो कोच तीच मागतो.

मेगा कॅम्पबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहीन. एखादी मोठी युनिव्हर्सिटी कॅम्प घेते आणि तिथे डिव्हिजन टू, डिव्हिजन थ्री (डी-थ्री), एनएआयए (छोट्या कॉलेजांची वेगळी संस्था) अशा बऱ्याच कॉलेजांचे कोच काम करायला येतात. एकाच फीमध्ये एवढे डोळे दुसरीकडे मिळत नाहीत. मुलाने आधीच्या आठवड्यात येणाऱ्या कोचची यादी काढून प्रत्येकाला स्वतः मेल केला होता, सब्जेक्टमध्ये बॅचचं वर्ष, पोझिशन, उंची-वजन, जीपीए (मार्कांची सरासरी), गाव, आणि आत चार ओळी आणि फिल्मची लिंक. ड्रिल सुरू व्हायच्या आधी जाऊन हात मिळवला, नाव सांगितलं, मंगळवारी मेल केला होता म्हणाला. त्यातल्या मिडवेस्टमधल्या एका डी-थ्री कॉलेजच्या सेकंडरी (मागच्या बचावाच्या) कोचने त्याला वन-ऑन-वनला मुद्दाम चांगल्या रिसीव्हरसमोर (पास झेलणाऱ्यासमोर) उभं केलं, आणि संध्याकाळी फोन आला. सर्व्हिसच्या एका क्लिकवाल्या शेकडो मेलना जेवढी उत्तरं आली त्याहून जास्त ह्या हाताने लिहिलेल्या मेलना आली. कोचना ते मास मेल लगेच कळतात.

डी-थ्रीबद्दल आपल्या लोकांशी बोलायचंच आहे. नातेवाईक पहिलं विचारतात की स्कॉलरशिप किती, आणि डी-थ्रीला ॲथलेटिक स्कॉलरशिप नसते म्हटलं की विषय संपतो. अहो पण एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, केस वेस्टर्न, सेंट लुइसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी, हे सगळे डी-थ्री फुटबॉल खेळतात! ज्या कॉलेजांची नावं आपण मुलं पाचवीत असल्यापासून घेतो तिथे फुटबॉलचा कोच आहे आणि त्याला मार्क चांगले असलेली, खेळता येणारी मुलं हवी आहेत. यातल्या बऱ्याच ठिकाणी ज्युनियर वर्षानंतरच्या उन्हाळ्यात कोच मुलाचं ट्रान्सक्रिप्ट ॲडमिशन ऑफिसला दाखवून घेतो, त्याला प्री-रीड म्हणतात, आणि त्यावरून मुलाला अर्ज करण्यात अर्थ आहे का ते आधीच बऱ्यापैकी कळतं. सगळीकडे सारखं नसतं, एमआयटीत कोच फक्त शिफारस करू शकतो. आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये असूनही ॲथलेटिक स्कॉलरशिप देत नाही, तिथे घरच्या उत्पन्नावरून मदत ठरते. डी-थ्रीत मेरिट एड (मार्कांवरून मिळणारी मदत) असते पण ती कॉलेजप्रमाणे बदलते, म्हणून प्रत्येक कॉलेजच्या साइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा करून आपल्याला किती खर्च येईल ते सांगणारं) कॅम्पची फी भरायच्या आधी भरून बघा, आम्ही त्यावरच दोन कॉलेजं यादीतून काढली.

सल्लागाराचा दुसरा हट्ट म्हणजे मोठ्या युनिव्हर्सिटीत प्रिफर्ड वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिप नाही पण टीममध्ये जागा. हे आधी ठीक असेल. जून २०२५ मध्ये हाउस सेटलमेंट (कॉलेज खेळाडूंना पैसे देण्याच्या खटल्यातली तडजोड) मंजूर झाली, त्यात सामील झालेल्या कॉलेजांची ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याजागी १०५ खेळाडूंची रोस्टर मर्यादा आली. बऱ्याच मोठ्या प्रोग्राममध्ये वॉक-ऑन धरून त्याहून जास्त मुलं असायची, म्हणजे कात्री लागते ती नेमकी वॉक-ऑनच्या जागांना. वरून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी), कोचला कॉलेजात खेळून तयार झालेला एकवीस वर्षांचा मुलगा मिळतो मग तो सतरा वर्षांच्या मुलावर कशाला वेळ घालवेल. हे सगळं बदलत असताना आम्हाला फोनवर जुनंच ऐकवलं जात होतं, ह्याचा मला अजून राग आहे, कारण त्यासाठीच पैसे घेतले होते.

सर्व्हिसचं चांगलं काय? कोचच्या ईमेलची यादी नीट होती, वेळ वाचला (पण हे ईमेल प्रत्येक कॉलेजच्या ॲथलेटिक्स साइटवर स्टाफ डिरेक्टरीत फुकट असतात). डिव्हिजन वनसाठी १६ कोर कोर्स (हायस्कूलचे ठरावीक मुख्य विषय), त्यातले १० सीनियर वर्ष सुरू व्हायच्या आधी, कोर जीपीए २.३, हे त्यांनी वेळेवर तपासायला लावलं, ते चांगलं केलं. प्रोफाइल बघितल्याचं नोटिफिकेशन बंद करून टाका, मुलगा रात्री तेच बघत बसायचा आणि त्यातून एकही फोन आला नाही.

खरा उपयोग झाला शाळेच्या हेड कोचचा. एप्रिल-मेमध्ये कॉलेज कोच शाळांमध्ये फिरतात तेव्हा ते आधी ह्याच माणसाला विचारतात की तुझ्याकडे कोण आहे, आणि तो एक टेक्स्ट करतो त्याला वजन असतं. मुलाने जानेवारीतच त्यांच्याकडे जाऊन सरळ विचारलं की मी कुठल्या लेव्हलला खेळू शकतो. त्यांनी डी-थ्री आणि काही डी-टू सांगितलं. ऐकायला जड गेलं, पण पुढची सगळी यादी त्यावर बनली. एनसीएएच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे हायस्कूलच्या शंभर फुटबॉल खेळाडूंपैकी सातेक जण एनसीएएच्या कॉलेजांत खेळतात, आणि डिव्हिजन वनला तर तीनसुद्धा नाहीत. त्या सातातला एक होणं ही माझ्या मुलाची मोठीच कमाई आहे असं मला वाटतं.

एक्सचं (आधीचं ट्विटर) अकाउंट लागतंच. मला आवडलं नव्हतं पण फुटबॉलचं रिक्रूटिंग तिथे चालतं, कोच तिथेच मेसेज करतात. बायोमध्ये बॅच, पोझिशन, जीपीए, फिल्मची लिंक, आणि बाकी काय पोस्ट करतो त्यावर घरच्यांची नजर. आणि कॅम्पमध्ये आईवडिलांनी स्टँडमध्ये बसायचं. कोचशी मुलालाच बोलू द्या, फी आणि एडचे प्रश्न असतील तर नंतर व्हिजिटच्या वेळी विचारा.

सर्व्हिसला पाचपैकी दोन, मेगा कॅम्पला साडेचार. ज्या घरात मुलगा स्वतः आठवड्याला दहा मेल लिहायला बसणार नाही किंवा शाळेचा कोच अजिबात मदत करत नाही, त्यांना सर्व्हिसचा थोडा आधार होईल, तरी सगळ्यात छोटं पॅकेज घ्या आणि वर्षाचे पैसे एकदम भरू नका. धाकटा आता फ्रेशमन (नववीत) आहे. त्याच्यासाठी घेणार नाही. दहावीनंतरच्या जूनमध्ये जवळच्या एका कॅम्पला नेऊन त्याचे खरे आकडे मोजून आणू, आणि मेल तो स्वतः लिहील, दादा शिकवेल त्याला.