ज्येष्ठांसाठीचा ऑनलाइन ताई ची वर्ग : तीन महिन्यांनंतर

वय 68. घरभर शोधलेला चष्मा डोक्यावरच सापडणं नित्याचं झालं, तेव्हा मुलीने ताई ची या संथ हालचालींच्या चिनी व्यायामप्रकाराचा हा वर्ग लावून दिला. आठवड्यातून तीन दिवस, एक तास.

पहिले दोन आठवडे कंटाळले. एवढं सावकाश हलायचं तर व्यायाम कसला? मग कळलं, खरी गोम त्या सावकाशीतच आहे. ‘ढगांसारखे हात’ ही हालचाल करताना वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, हात फिरवत ठेवायचे आणि पुढची हालचालही ध्यानात ठेवायची. 1956 साली चीनमध्ये बसवलेला 24 हालचालींचा क्रम आम्ही शिकतोय. माझी गाडी अजून सोळाव्या-सतराव्याला अडते.

खरी मजा पुढेच. हालचाल चालू असताना शिक्षिका एखादा शब्द उलटा म्हणायला लावतात. ‘कमळ’ आलं, मी ‘ळ’वर अडकले आणि उचललेली टाच धपकन खाली! 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, विसराळूपणा जाणवणाऱ्या ज्येष्ठांना नुसत्या ताई चीपेक्षा अशी डोक्याला कामाला लावणारी ताई ची जास्त उपयोगी पडली होती.

तक्रार एकच, पण मोठी. शिक्षिका समोर तोंड करून उभ्या, त्यामुळे डावं-उजवं उलटं दिसतं. पाठमोऱ्या उभ्या राहा म्हणून तीनदा सांगितलं, एकदाच ऐकलं. शिवाय आधाराला खुर्ची जवळ ठेवा, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

चष्मा अजून हरवतो. पण मोजे आता उभ्याने घालते, भिंतीला हात न लावता. पुढच्या तीन महिन्यांचे पैसे भरलेत.