गव्हाआधी ताग, की नुसता युरिया?

ठाण्यात नोकरी आणि निफाडकडे शेती, अशी आमच्यासारखी बरीच घरं आहेत. गव्हाचं नियोजन गावी फोन करूनच ठरतं, आणि दरवर्षी हा प्रश्न निघतो.

युरिया सोपा आणि अनुदानामुळे स्वस्त. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे जेमतेम २१ किलो नत्र (नायट्रोजन). वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी १२० किलो लागतं. अर्धं पेरणीला, उरलेलं तीन आठवड्यांनी, मुकुटमुळं म्हणजे खोडाच्या बुडाशी येणारी मुळं फुटताना. पण जमिनीच्या सेंद्रिय कर्बात, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून येणाऱ्या कसात, युरियाने भर पडत नाही.

ताग हे हिरवळीचं खत. जूनमध्ये पेरून फुलावर येताच, साधारण दीड महिन्यात हिरवाच मातीत गाडायचा. खोड चिवट झालं की लवकर कुजत नाही. एखादं रोप उपटून मुळावरची गाठ फोडून बघा. आतून गुलाबी असेल तर नत्र बांधलं जातंय. खरा खर्च बियाण्याचा नाही, त्या रानात पावसाळ्यात हुकलेल्या सोयाबीनचा आहे! म्हणून सगळं रान तागाखाली घालू नये. दरवर्षी एक तुकडा द्यावा आणि माती परीक्षण करून तिथला युरिया कमी करावा. स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) मात्र लागेल तसं द्यावंच लागतं. या तिन्हींपैकी ताग हवेतून फक्त नत्र आणतो.