‘कंपनीचं’ हाउसिंग, दहा हजार ल्युमेनचा दिवा आणि माझे पैसे

पाण्याखालच्या फोटोग्राफीचं सामान विकणाऱ्या लबाड माणसाला एक पळवाट आयती मिळालेली असते. हाउसिंगमध्ये, म्हणजे कॅमेरा पाण्यात नेण्यासाठी घालायच्या जलरोधक खोळीत, पाणी शिरलं की चूक गिऱ्हाइकाची. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कडीवर, केस राहिला असेल, वाळूचा कण असेल, ग्रीस कमी पडलं असेल नाहीतर जास्त झालं असेल. यातलं काहीच अशक्य नसतं, आणि आत बुडालेल्या कॅमेऱ्याची हमी चांगल्या कंपन्याही सहसा घेत नाहीत. मला ज्याने फसवलं तो याच खऱ्या गोष्टीच्या आडोशाला उभा राहिला. त्याला तिथून बाहेर कसं काढायचं, ते लिहून ठेवतोय.

कॅमेरा ऑलिम्पसचा टीजी-६. खिशात मावतो आणि हाउसिंगशिवायही १५ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. मालवण-तारकर्लीला ज्यांनी डाइव्ह केलंय त्यांना माहीत आहे, तिथलं पाणी अंदमानसारखं नितळ नाही. बऱ्याचदा चार-पाच मीटरपलीकडे सगळं धूसर. अशा पाण्यात लांबच्या दृश्याच्या मागे लागण्यापेक्षा खडकाला चिकटलेल्या नखाएवढ्या गोगलगायीच्या जवळ जावं. टीजी विषयापासून एक सेंटिमीटरवरही फोकस करतो, त्यामुळे तो डायव्हरांचा लाडका आहे. पण डायव्हिंगचं पहिलं, ओपन वॉटरचं सर्टिफिकेट १८ मीटरपर्यंतचं, अ‍ॅडव्हान्स्डचं ३०. मग १५ मीटरवाला कॅमेरा उघडा न्यायला जीव धजत नाही. ऑलिम्पसचंच पीटी-०५९ हे हाउसिंग ४५ मीटरपर्यंत चालतं. ते मला हवं होतं, आणि सोबत एक दिवा. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो; पाच-सहा मीटरवरच लाल पोवळं मातकट दिसायला लागतं. तो रंग परत आणायचा तर उजेड आपल्यासोबत न्यावा लागतो.

विक्रेता सोशल मीडियावरचा. पत्ता मुंबईचा, बोलणं गोड, आणि विषय माहीत असलेला. हे विशेष सांगतो, कारण फसवणारा अडाणी असतो असा आपला समज असतो. त्याने मला बॅकस्कॅटर समजावून सांगितला: दिवा लेन्सला खेटून ठेवला तर मधल्या पाण्यातला गाळच उजळतो आणि फोटोभर पांढरे ठिपके पडतात, म्हणून कॅमेऱ्याखालच्या ट्रेला आर्म (लांब दांडा) लावून दिवा बाजूला न्यायचा. अगदी बरोबर. ‘कंपनीचं ओरिजिनल, पीटी-०५९, बाहेरून आलेला पीस आहे, म्हणून स्वस्त’ हे वाक्यही त्याने त्याच सुरात टाकलं. हाउसिंगवर थेट यूपीआयने पैसे दिले तर सूट. दिवा मात्र त्याने एका मोठ्या शॉपिंग साइटवरच्या आपल्या लिस्टिंगमधून घ्यायला लावला. या फरकाने पुढे सगळा निकाल लागला.

खोक्यावर मॉडेलचं नाव होतं, पण स्टिकरवर. स्टिकरखाली आणखी एक स्टिकर. आतल्या पॉलिकार्बोनेटच्या खोळीवर कंपनीचं नाव कुठेच कोरलेलं नाही; उलट ‘६०एम’ असं ठळक लिहिलेलं. ४५ मीटरची वस्तू मागवली आणि ६० मीटरची आली, तर ती वरची नव्हे, वेगळी वस्तू आहे. दुसऱ्या कंपन्यांची हाउसिंग वाईट असतात असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या नावाने आणि त्यांच्या किमतीत विकली तर खुशाल घ्यावीत. मालवणात माझ्यासोबत नेहमी पाण्यात उतरणाऱ्या डाइव्हमास्टरने ते हातात घेतलं, एक-दोनदा कळ दाबली आणि म्हणाला, “ह्यां कंपनीचा नाय. बटणां बघ.” बटणांच्या स्प्रिंगा इतक्या मऊ की दाबलेलं बटण आळसावल्यासारखं वर येत होतं. खोल पाण्यात गेल्यावर अशी बटणं पाण्याच्या दाबाने आपोआप आत जातात आणि तिथेच बसतात.

दाबाचं गणित साधं आहे. दर १० मीटरला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो भार वाढतो. मागचं झाकण १०० चौरस सेंटिमीटरचं धरलं तर १८ मीटरवर त्याच्यावर १८० किलो. पण यात गंमत आहे. हा भार झाकणाला ओ-रिंगवर आणखी घट्ट दाबतो, त्यामुळे हाउसिंग पुष्कळदा खोलवर नाही तर पहिल्या मीटरभरातच गळतं: बोटीवरून उतरताना, किंवा धुवायच्या टाकीत. म्हणूनच घरच्या बादलीतली चाचणी नुसता विधी नाही.

चाचणी कॅमेरा न घालता करायची, हे सगळेच सांगतात. मी त्यात थोडी भर घातली. आत टिश्यू पेपरचा एकच बोळा न कोंबता वेगवेगळ्या घड्या लावल्या: एक झाकणाच्या कडेने, एक शटरखाली, एक झूमच्या कळीखाली, एक लेन्सच्या काचेशी. मोबाइल उभा करून खोकं उघडण्यापासून सलग व्हिडिओ. हाउसिंग वजन ठेवून बुडवलं आणि पाण्याखालीच सगळी बटणं दाबत राहिलो. थोड्या वेळाने शटरजवळून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. उघडल्यावर शटरखालची घडी चिंब, आणि झाकणाच्या कडेची कोरडी ठणठणीत.

ही कोरडी घडी म्हणजेच पुरावा. झाकणाची मुख्य ओ-रिंग आपण साफ करतो, ग्रीस लावतो, बसवतो. तिथून पाणी आलं तर विक्रेता आपल्याकडे बोट दाखवू शकतो. बटणांच्या दांड्यांवरच्या छोट्या ओ-रिंगांना गिऱ्हाईक हातच लावत नाही. तिथली गळती म्हणजे बनवणाऱ्याचीच चूक. मी हे फोटोसकट कळवल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: “सर, ओ-रिंग नीट बसली नसणार.” कोरडी घडी दाखवली. मग “सील तोडल्यावर परत घेत नाही.” मग “ओरिजिनल असं मी म्हणालोच नव्हतो, कम्पॅटिबल म्हणालो होतो.” ओरिजिनल हे तो फोनवर बोलला होता. चॅटमध्ये त्याने प्रत्येक वेळी ‘पीटी-०५९’ लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढे ‘साठी’. हा शब्द चॅटमध्ये होता, मी तो तपासूनच सांगतोय. पुढे त्याने मला ब्लॉक केलं.

दिव्याचं प्रकरण याहून मजेशीर, कारण तिथे पळवाटच नव्हती. लिस्टिंगवर १०,००० ल्युमेन (उजेडाचं माप), पूर्ण उजेडावर एक तास, एका १८६५० बॅटरीवर (बोटाएवढा गोल लिथियम सेल), आणि बॅटरीवर छापलेलं ९९०० एमएएच. बाजारातली एलईडी वॉटमागे ढोबळमानाने १०० ल्युमेन देते असं धरा. १०,००० ल्युमेनला १०० वॉट लागतील. चांगल्या १८६५० सेलमध्ये ३५०० एमएएचच्या आसपास, म्हणजे १२-१३ वॉट-तास साठतात. भागाकार केला की सात-आठ मिनिटं येतात, तास नाही. शिवाय त्या आकाराच्या सेलमध्ये ९९०० एमएएच मावतच नाहीत. तसं छापलेलं दिसलं की पुढचं वाचायची गरज नाही. खात्रीसाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यावा. खरा १८६५० पंचेचाळीस-पन्नास ग्रॅमच्या दरम्यान भरतो. माझा तिशीच्या आतबाहेर होता.

उजेड मोजायला कॅमेराच पुरतो. अंधाऱ्या बाथरूममध्ये दिवा छताकडे रोखला, टीजी ए मोडवर ठेवला (यात शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो), आयएसओ आणि अ‍ॅपर्चर पक्कं केलं आणि भिंतीवर धरून शटरचा वेग वाचला. मग मित्राचा १,२०० ल्युमेनचा नावाजलेला दिवा त्याच जागी. वेग दुप्पट झाला तर उजेड दुप्पट. माझ्या दहा हजारी दिव्याचा वेग मित्राच्या दिव्यापेक्षा कमी आला. पाव तासात दिवा आणखी मंदावला आणि त्याचं डोकं हाताला चटका बसेल इतकं तापलं. या पद्धतीत दिव्याचा कोन, भिंतीचा रंग यांनी थोडा फरक पडतो, पण दहा हजारांचे हजार व्हायला तेवढा फरक पुरत नाही.

दिव्यावर ‘आयपीएक्स८’ लिहिलं होतं, त्याचाही खुलासा करतो. एक मीटरपेक्षा जास्त पाण्यात टिकेल, किती खोल ते बनवणाऱ्याने सांगायचं, एवढाच त्याचा अर्थ. सोबत मीटरचा आकडा नसेल तर ती खूण डायव्हरच्या काही कामाची नाही. आणि लिथियमच्या दिव्यात पाणी शिरलंच तर झाकण तोंडासमोर धरून उघडू नका. आत वायू कोंडलेला असू शकतो, झाकण उडतं.

दिव्याचे पैसे मिळाले. साइटने आधी “पॅकिंग उघडलं” म्हणून नाकारलं होतं. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट, काट्यावरच्या बॅटरीचा फोटो आणि वरचा भागाकार जोडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तेव्हा साइटचाच फोन आला. हाउसिंगचे नाही मिळाले. यूपीआयने एका खाजगी खात्यात गेलेले पैसे, बिल नाही, जीएसटी क्रमांक नाही, आणि पुराव्यात तो ‘साठी’. १९३० वर सायबर तक्रार केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, पण नोटीस पाठवायला विक्रेत्याचा खरा पत्ता लागतो. मुंबईच्या त्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. दुकानदार बिचारा आधीच वैतागलेला होता, माझ्याआधीही लोक येऊन गेले होते.

त्या विक्रेत्याचं पान आता नव्या नावाने सुरू आहे. हाउसिंगचा फोटो तोच. दिवा १५,००० ल्युमेनचा झालाय, बॅटरी अजून एकच.